समुद्र किती पोटात घालेल?

माणूस दर वर्षी जेवढा कार्बन हवेत सोडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र गिळतो. २०१४ ते २०२३ या दशकात हा वाटा वर्षाला सरासरी २.९ अब्ज टन कार्बन इतका होता. हवामानबदलाच्या अहवालांत हा आकडा इतक्या सहजपणे येतो, की समुद्राला कुठेतरी मीटर बसवलाय आणि कुणीतरी दरसाल त्याची नोंद घेतं, असंच वाचणाऱ्याला वाटावं. असा मीटर नाही. समुद्राच्या पृष्ठभागातून आत जाणारा आणि बाहेर येणारा वायू सगळीकडे, सगळ्या ऋतूंत मोजायची सोय आजही नाही. ‘ग्लोबल कार्बन बजेट’ हा जगाचा वार्षिक ताळेबंद तयार होतो, तेव्हा समुद्राच्या रकान्यातला आकडा दोन वाटांनी येतो. एक वाट जहाजांनी गोळा केलेल्या विरळ मोजमापांची, मधल्या रिकाम्या जागा संख्याशास्त्राने भरलेली. दुसरी वाट दहाएक संगणकीय मॉडेलांची. दोन्ही वाटा एकाच जागी पोचत नाहीत.

असं का होतं, हे कळायला ही मॉडेलं थरावर थर चढवत कशी उभी राहिली ते पाहावं लागतं. तळाला रसायन, त्यावर प्रवाह, सर्वांत वर जीवसृष्टी. खालचे दोन थर बऱ्यापैकी पक्के आहेत. वरचा अजून डुगडुगतो, आणि सध्या या मॉडेलांना जे प्रश्न विचारले जात आहेत त्यांतले बरेचसे नेमके त्या वरच्या थराचे आहेत.

आधी रसायन. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस यांनी ‘टेलस’ या नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. कोळशा-तेलातून निघालेला कार्बन डायऑक्साइड समुद्र जवळजवळ सगळा जिरवून टाकेल, असं तोवर अनेकांना वाटत होतं. वाटणंही साहजिकच होतं: समुद्रात सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन आहे आणि हवेत, आजच्या वाढीव पातळीलासुद्धा, नऊशे अब्ज टनांच्या आसपास. एवढ्या मोठ्या कोठारात आणखी थोडा मावायला काय हरकत? हरकत अशी, की पाण्यात शिरलेला हा वायू तिथल्या कार्बोनेटशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो, तेव्हाच पुढच्याला जागा होते, आणि कार्बोनेटचा साठा तुटपुंजा असतो. परिणामी हवेतला वायू दहा टक्के वाढला, तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम एक टक्का वाढतो. या प्रमाणालाच आज रेव्हेल गुणक म्हणतात. उष्ण कटिबंधात तो आठ-नऊ असतो, ध्रुवांकडे चौदा-पंधरापर्यंत जातो, आणि समुद्र जितका कार्बन घेत जाईल तितका तो सगळीकडे वाढत जातो. म्हणजे भूक हळूहळू मंदावणार, हे रसायनातच लिहिलेलं आहे. गंमत म्हणजे त्या निबंधात हा मुद्दा इतका आडवळणाने आला होता, की १९५९ मध्ये स्वीडनच्या बर्ट बोलिन आणि एरिक एरिक्सन यांना तो नीट उलगडून सांगावा लागला.

रसायन कळलं तरी प्रश्न उरतो तो वेगाचा. वरचं पाणी हवेशी वर्षभरात जुळवून घेतं; खोल पाण्याला हवेचं तोंड दिसायला शेकडो वर्षं लागतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे हान्स ओश्गर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अख्खा समुद्र एका साध्या रचनेत बसवला: वर नीट ढवळलेला पातळ थर आणि खाली हळूहळू झिरपत जाणारं खोल पाणी. झिरपण्याचा वेग ठरवायला त्यांच्या हाताशी किरणोत्सारी कार्बन-१४ होता. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ एवढा वाढवला होता, की पुढे तो समुद्रात कुठवर उतरला हे पाहून मॉडेलांची परीक्षाच घेता आली. शीतयुद्धाने विज्ञानाला नकळत दिलेल्या देणग्यांत ही फार मोलाची म्हणायला हवी.

खऱ्या प्रवाहांचा त्रिमितीय समुद्र आला तो १९८७ मध्ये, हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेत. एर्न्स्ट मायर-रायमर आणि क्लाउस हासेलमान यांनी समुद्राच्या अभिसरणात कार्बनचं रसायन सोडून दिलं आणि तो कुठे बुडतो, कुठे वर येतो ते पाहिलं. (हासेलमान यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) त्या कुळातलं हॅमॉक हे मॉडेल आजही जर्मनी आणि नॉर्वेच्या हवामान मॉडेलांत चालतं. अमेरिकेत प्रिन्स्टनला होर्हे सार्मिएंतो यांच्या गटाने याच सुमारास समांतर वाट धरली.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. माणसाने सोडलेला जादा कार्बन समुद्रात जातो तो मुख्यतः रसायन आणि प्रवाह यांच्या जोरावर. प्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बारीक जीव, तो ‘खातात’ म्हणून नव्हे. समुद्रातल्या प्लवकांची वाढ सहसा नायट्रेट, फॉस्फेट, लोह किंवा उजेड यांच्यापायी अडते; कार्बनची टंचाई त्यांना फारशी भासत नाही. म्हणूनच निव्वळ भौतिक-रासायनिक मॉडेलंसुद्धा एकूण आकडा बऱ्यापैकी अचूक देतात. १९९४ ते २००७ या काळात समुद्राने माणसाचा ३४ अब्ज टन कार्बन घेतला, चार अब्ज इकडे किंवा तिकडे, असं खोल समुद्रातल्या पाण्याच्या नमुन्यांवरून निघालं. मॉडेलांचा हिशेब त्याच परिसरात बसतो.

मग जीवसृष्टीची उठाठेव कशाला? कारण समुद्राचा मूळ साठा तिने रचलेला आहे. वनस्पतिप्लवक वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन बांधतात, जवळजवळ जमिनीवरच्या सगळ्या झाडाझुडपांइतका. त्यातला बहुतेक वरच्या वर खाल्ला जातो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. वेगवेगळ्या अंदाजांनुसार ५ ते १२ अब्ज टन मात्र मेलेल्या पेशी, विष्ठा आणि चिकट गोळ्यांच्या रूपाने अंधारात उतरतो. हा जैविक पंप बंद पडला, तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची पातळी दीडशे-दोनशे पीपीएमने चढेल, असं मॉडेलं सांगतात. आजची पातळी ४२० पीपीएमच्या पुढे आहे हे लक्षात घेतलं, तर पंपात होणारा थोडासा बदलही किती महागात पडेल ते कळतं.

अडचण अशी, की प्रवाहांना न्यूटनचे नियम आहेत, प्लवकांना तसे नियम नाहीत. अमेरिकेच्या गॉर्डन रायली यांनी १९४६ मध्येच, संगणक हाताशी नसताना, न्यू इंग्लंडजवळच्या जॉर्जेस बँकवरच्या प्लवकांचं वर्षभराचं गणित मांडलं होतं. पण आजच्या मॉडेलांचं मूळ सापडतं ते १९९० च्या फॅशम, डकलो आणि मॅकेल्वी यांच्या निबंधात. वनस्पतिप्लवक, प्राणिप्लवक, जिवाणू, नायट्रेट, अमोनियम, विरघळलेला सेंद्रिय नायट्रोजन आणि तळाकडे जाणारा कचरा असे सात कप्पे करून त्यांनी नायट्रोजन एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवला. कार्बनचा हिशेब अल्फ्रेड रेडफील्ड यांच्या प्रसिद्ध प्रमाणाने लावता येतो: कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १. पुढे कप्पे वाढत गेले. फ्रान्सच्या पिसेस मॉडेलात असे २४ घटक आहेत आणि प्रत्येक घटक संगणकाला समुद्रभर वाहून न्यावा लागतो. प्लवक किती वेगाने वाढतात, किती खाल्ले जातात, किती मरतात याचे काही आकडे प्रयोगशाळेत एखाद्या जातीवर मोजलेले असतात. बाकीचे उत्तर बरं येईपर्यंत फिरवून पाहिलेले असतात. खाली उतरणारा कार्बन खोलीनुसार कसा घटतो, याचं जॉन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दिलेलं सूत्र ईशान्य प्रशांत महासागरातल्या मोजमापांतून आलं. तेच सूत्र कितीतरी मॉडेलांनी नंतर सगळ्या जगाला लावलं.

याच मार्टिन यांनी लोहाचा मुद्दा पुढे आणला. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर असूनही प्लवक कमी का, याचं उत्तर त्यांनी लोहाच्या टंचाईत शोधलं, आणि ते बरोबर निघालं. पण लोह मॉडेलात आणणं म्हणजे नवं संकट. ते वाऱ्याबरोबर धुळीतून येतं, गाळातून येतं, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून येतं आणि कणांना चिकटून लगेच नाहीसंही होतं. २०१६ मध्ये तेरा मॉडेलं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा लोहाचा एक अणू समुद्रात सरासरी किती काळ टिकतो याचं उत्तर एका मॉडेलात चार वर्षं आणि दुसऱ्यात पाचशेहून जास्त असं आलं. एकाच भौतिक राशीबद्दल शंभरपटीहून मोठी तफावत असूनही दोन्ही मॉडेलं प्लवकांचा नकाशा बरा काढतात, हे वाचून शहाण्या माणसाने थोडं सावध व्हायला हरकत नाही.

या प्रश्नाशी गोव्याचा थेट संबंध आला तो २००९ मध्ये. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. नावातलं ‘लोहा’ आपलंच. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टर्न’ हे जहाज जानेवारीत केपटाउनहून निघालं. पर्यावरण संघटनांनी गदारोळ केला, जर्मन सरकारने प्रयोग काही दिवस थांबवला, मग परवानगी दिली. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचं सल्फेट मिसळलं गेलं. प्लवक वाढले, आणि कोपेपॉड जातीच्या चिमुकल्या प्राण्यांनी ते फस्त केले. कोपेपॉडांवर त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉडांनी ताव मारला. खाली फारच थोडा कार्बन उतरला. स्मेटाचेक यांच्याच गटाने २००४ मध्ये दक्षिण महासागरात केलेल्या ‘आयफेक्स’ प्रयोगात मात्र वाढलेल्या प्लवकांपैकी किमान अर्धा भाग हजार मीटरच्या खाली गेला होता. फरक सिलिकाचा. आयफेक्सच्या पाण्यात ती होती म्हणून काचेसारखं कवच असलेले डायटम वाढले आणि वजनाने बुडाले. लोहाफेक्सच्या पाण्यात ती नव्हती. ‘वनस्पतिप्लवक’ असा एकच कप्पा ठेवणाऱ्या मॉडेलाला या दोन प्रयोगांत काही फरकच दिसला नसता.

२००० साली ब्रिटनच्या पीटर कॉक्स आणि सहकाऱ्यांनी कार्बनचक्र थेट हवामान मॉडेलाला जोडलं. २००६ मध्ये अशा अकरा मॉडेलांची तुलना झाली. तापमान वाढल्यावर जमीन आणि समुद्र दोघांचीही कार्बन घेण्याची क्षमता घटते, यावर सगळ्यांचं एकमत झालं. किती घटते यावर झालं नाही.

मध्ये एक व्यावहारिक भानगडही आहे, जिची चर्चा मॉडेलवाल्यांच्या बाहेर क्वचितच होते. भविष्याचा प्रयोग सुरू करण्याआधी मॉडेलातला समुद्र स्थिर व्हावा लागतो, नाहीतर त्याचा स्वतःचाच हळू सरकणारा कल हवामानबदल म्हणून खपतो. खोल पाण्याच्या गतीने स्थिर व्हायचं तर हजारो वर्षं चालवायला हवं. महासंगणकावर दिवसाला पंधरा वर्षं पुढे सरकणारं मॉडेल तीन हजार वर्षं चालवायला साडेसहा महिने जातात. त्यामुळे बऱ्याच संस्था मधेच थांबतात, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी, आणि मग दोन मॉडेलांतला फरक विज्ञानाचा की थांबण्याच्या जागेचा हे सांगता येत नाही. ऑक्सफर्डच्या समर खतिवाला यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. २०२४ मध्ये त्यांनी दाखवलेल्या गणिती युक्तीने हे काम सुमारे दहापट लवकर उरकतं.

अरबी समुद्राने या सगळ्या मॉडेलांना घाम फोडला आहे. उन्हाळी मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर खालचं थंड, खतावलेलं पाणी वर ओढतात. हिवाळ्यात उत्तरेकडचं वरचं पाणी थंड होऊन बुडतं आणि पुन्हा पोषकद्रव्यं वर येतात. गोव्याच्या संस्थेतल्या मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये हेच मांडलं होतं. म्हणजे वर्षातून दोन हंगाम, दोन वेगळ्या कारणांनी. साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो आणि जिवाणू नायट्रेटचाच श्वास घेऊन त्याचा नायट्रोजन वायू करतात. जगात अशा मोठ्या जागा तीनच. खालून वर येणाऱ्या पाण्यात कार्बन इतका असतो, की जैविक सुबत्ता असूनही हा समुद्र एकंदरीत हवेला कार्बन डायऑक्साइड देतो.

जागतिक मॉडेलांची चौकट साधारण एक अंशाची, म्हणजे शंभर-एकशेदहा किलोमीटरची असते. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी चाळीसेक किलोमीटर आहे, बाब-अल-मंदेब तीसेक. अरबी समुद्राच्या मधल्या थरांना प्राणवायू पुरवणारं इराणच्या आखातातलं आणि लाल समुद्रातलं खारट पाणी याच फटींतून येतं. चौकटीत ही फटच मावत नाही, मग मॉडेलवाले ती कृत्रिमरीत्या रुंद करतात किंवा दोन्हीकडचं पाणी हिशेबाने मिसळतात. कोकण-गोव्याचा किनारा तर त्याहून अवघड. पावसाळ्यात कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढतं, वर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू संपतो. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की इथून नायट्रस ऑक्साइड हा जोरकस हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. कांदोळीसमोर १९९७ पासून चाललेली मोजमापं नसती, तर हे सगळं मॉडेलातल्या एका निळ्या चौकोनात विरघळून गेलं असतं.

नॉक्टिलुका या जीवाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र हिरवा करणारा आणि रात्री लाटांना निळी चमक देणारा हा एकपेशीय जीव इतरांना खातो आणि पोटात हिरवे सहजीवी बाळगून सूर्यप्रकाशावरही जगतो. त्याला वनस्पतिप्लवकांच्या कप्प्यात टाकायचं की प्राणिप्लवकांच्या? त्याचं वाढतं प्रमाण प्राणवायूच्या टंचाईमुळे आहे असं २०१४ मध्ये हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी मांडलं. काही भारतीय शास्त्रज्ञांच्या मोजमापांना ते पटलं नाही. वाद चालू आहे, आणि बहुतेक मॉडेलांना तो मांडताही येत नाही.

पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत देशाचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल तयार झालं. त्यातला समुद्र प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतून आला आहे आणि त्यात जैवभूरसायनही आहे. याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचं म्हटलं. वरचं पाणी तापलं की थर घट्ट होतात आणि खालचं खत वर येत नाही, हे कारण पटण्याजोगं आहे. मात्र उपग्रहांकडून सलग नोंदी मिळू लागल्या त्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून. त्याआधीच्या दशकांचं चित्र मॉडेलांवर उभं आहे, आणि निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

जगभराचं पाहिलं तर गोंधळ वाढतोच. उत्सर्जन अनिर्बंध वाढलं तर शतकाअखेर समुद्रातलं प्राथमिक उत्पादन साडेआठ टक्क्यांनी घटेल, असं मॉडेलांच्या आधीच्या पिढीची सरासरी सांगत होती. नव्या, अधिक बारकाव्यांच्या पिढीची सरासरी तीन टक्के घट दाखवते, आणि मॉडेलांमधली फारकत नऊ टक्क्यांची. म्हणजे उत्पादन घटेल की वाढेल हेसुद्धा ठाम सांगता येत नाही. बारकावे वाढले, खात्री कमी झाली. याला अपयश म्हणणं अन्यायाचं ठरेल. आधीची खात्रीच उसनी होती. त्याच पिढीत समुद्राच्या आम्लीकरणाबद्दल मात्र मॉडेलांत मतभेद जवळजवळ नाहीतच: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तुलनेत पीएच ०.४४ ने उतरेल. तळाच्या थराचा प्रश्न विचारला की उत्तर असं नेमकं मिळतं.

दक्षिण महासागर हे या वादाचं मोठं रणांगण, कारण माणसाच्या कार्बनपैकी समुद्रात जाणारा सुमारे चाळीस टक्के तिथून आत जातो. २००७ मध्ये कोरिन ल केरे आणि सहकाऱ्यांनी तिथली शोषणक्षमता घटत असल्याचा इशारा दिला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने ती पुन्हा वाढल्याचं दाखवलं. मग पाण्यात आपोआप वरखाली करत मोजमापं घेणारे फ्लोट आले आणि २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं, की हिवाळ्यात, जेव्हा जहाजं तिकडे फारशी जातच नाहीत, तेव्हा तिथून बराच वायू बाहेर पडतो. २०२१ मध्ये विमानांतून घेतलेल्या नमुन्यांनी याच्या उलट, शोषण दमदार असल्याचा निर्वाळा दिला. चारही अभ्यास दर्जेदार.

मॉडेलं आणि मोजमापं यांच्यातली दरी या शतकात रुंदावली. मोजमापांवरचा अंदाज समुद्र अधिक कार्बन घेतो असं म्हणतो, मॉडेलं कमी म्हणतात. दोष एकट्या मॉडेलांचा नाही: पृष्ठभागाची नोंद घेणाऱ्या जहाजफेऱ्याही गेल्या काही वर्षांत घटल्या आहेत. २०२३ मध्ये समुद्र विक्रमी तापला, तेव्हा झुरिकच्या संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे शोषण अपेक्षेहून सुमारे दहा टक्के कमी भरलं. गरम झालेल्या सोड्यासारखा वायू निसटला, तरी भीती होती तितका नाही.

आता या मॉडेलांवर पैशाचा व्यवहारही उभा राहतो आहे. समुद्रात अल्कधर्मी खनिजं मिसळून त्याची कार्बन घेण्याची क्षमता वाढवायची आणि त्याची क्रेडिट विकायची, असा उद्योग काही कंपन्यांनी सुरू केला आहे. खनिज टाकल्यापासून हवेतला वायू आत यायला महिने ते वर्षं जातात. तोवर ते पाणी दूरवर पसरलेलं असतं आणि फरक कुठल्याच उपकरणाला पकडता येत नाही. काही पाणी तर हवेशी हिशेब पुरा होण्याआधीच बुडतं. म्हणून किती टन गेला हे मॉडेलच सांगतं. इथलं रसायन भक्कम आहे. पण प्रश्न एका बंदराचा, एका प्रवाहाचा, एका हंगामाचा असतो, आणि अख्ख्या जगाच्या सरासरीत एकमेकांना खोडून जाणाऱ्या चुका तिथे खोडल्या जात नाहीत.

मोजमापं वाढवायची तर रासायनिक संवेदक लावलेले एक हजार फ्लोट जगभर तरंगते ठेवायचे, असं उद्दिष्ट आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात असे फ्लोट सोडते. उद्दिष्ट पुरं झालं तरी एका फ्लोटच्या वाट्याला साडेतीन लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र येतो, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा तुकडा. आणि दोन हजार मीटर बुडी मारणाऱ्या त्या फ्लोटला कांदोळीसमोरच्या तीसेक मीटर पाण्यात काही कामच नसतं. तिथे बोट घेऊन जावं लागतं आणि बाटल्यांत पाणी भरून आणावं लागतं.